करंगळीचं कडवं

आवाज ओळखायला मला काहीच करावं लागलं नाही. आधी डफ आला. दोन जड ठोके, मधे एक हलका. हातातला चहाचा कप मी खाली ठेवला, आणि मला हसू आलं. इतकं आतून की समोर बसलेले मॅनेजर भाटियासाहेबही उगाचच हसले.

फरीदाबादच्या त्या कारखान्यात मी कामासाठी गेले होते. पुण्याच्या ज्या कंपनीत मी नोकरी करते तिला गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या इथून येतात, आणि माल कसा बनतो ते कुणीतरी अधूनमधून येऊन बघायचं असतं. या वेळी माझं नाव लागलं. जानेवारीची सकाळ होती, खिडकीबाहेर धुकं इतकं की कारखान्याची शेड दिसत नव्हती, फक्त तिच्या दिशेनं चालत जाणाऱ्या माणसांच्या मफलरी दिसत होत्या. पाळीचा भोंगा झाला आणि अंगणातल्या कर्ण्यातून गाणं सुरू झालं.

माझ्या आत्याचं गाणं. तिच्याच गळ्यातलं. ज्या गाण्यावर मी लहानाची मोठी झाले, ते इतक्या वर्षांनी, अशा ठिकाणी. मी पुढच्या ओळीची वाट बघत होते, जशी आपण ओळखीच्या जिन्यावर अंधारातही पुढची पायरी धरून चालतो. आणि पायरी तिथे नव्हती.

"छुटकी उंगली बचा के रखना, मुन्ना इसको थामेगा. देख के भैया, ध्यान से भैया, तेरी उंगली तेरे हाथ."

"हमारा सेफ्टी साँग है जी," भाटियासाहेब म्हणाले. "रोज शिफ्ट से पहले बजता है. वर्कर लोग लापरवाह होते हैं ना, मॅडम."

"किसने गाया है?" मी विचारलं.

"कोई नर्स थी, लोकल ही थी. बढ़िया गाती थी."

थी. मार्था आत्या तिथून रिक्षानं वीसेक मिनिटांवर राहत होती, आणि संध्याकाळी मी तिच्याकडेच जेवायला जाणार होते. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि ते कशामुळे हे कळायला मला वेळ लागला: मी टेबलाखाली दोन्ही टाचा जमिनीत रोवून बसले होते.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. आमचं घर मूळचं जालन्याचं. पप्पा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात होते, ते कार्यालय फरीदाबादला, म्हणून आम्ही फरीदाबादला. आत्या नर्सिंग शिकली होती. तिनं लग्न केलं नाही. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका दवाखान्यात तिला जागा मिळाली आणि ती आमच्या सरकारी क्वार्टरच्या बंद केलेल्या व्हरांड्यात राहायला आली. एक खाट, एक पत्र्याची पेटी, खिळ्याला टांगलेला डफ. डफ तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. ते गावोगाव फिरून येशूची भजनं म्हणत, असं मी ऐकलंय. मी त्यांना पाहिलेलं नाही.

आत्याचा वास मला अजून येतो. स्पिरिट आणि मशीनचं तेल. स्पिरिट दवाखान्याचं, तेल तिच्याकडे येणाऱ्या हातांचं. घरी आल्यावर ती न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धूत बसे, पण तेलाचा वास जात नसे, उशीच्या अभ्र्यालाही लागत असे. आई तिचा साबण वेगळा ठेवायची. मला मात्र तो वास आवडायचा. उन्हाळ्यात आंधी आली की सगळं घर मातीनं भरून जाई, दातांत वाळू करकरे, आणि आम्ही गच्चीवर झोपायला जायचो तेव्हा मी आत्याच्या अंगाला नाक लावून झोपायची. ती गुणगुणत असे. शब्द नसत, नुसती चाल. हिवाळ्यात ती रविवारी उन्हात खाटेवर बसून मटार सोलायची आणि मी पायाशी बसून खायची. नाताळात आम्ही कंदील घेऊन घरोघर गात फिरायचो, आम्ही चार मराठी घरं, काही मल्याळी, काही पंजाबी. कुणाला कुणाची भाषा येत नव्हती, म्हणून सगळे हिंदीत गायचे, आणि आत्या हळूच मधे एक मराठी कडवं घुसवायची.

एका संध्याकाळी ती आली आणि हात धुवायला गेलीच नाही. तशीच, पांढऱ्या साडीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. आईनं चहा दिला, तो तिनं घेतला नाही.

"आज एक बाई आली होती," ती म्हणाली. "फूलवती नावाची. प्रेसवर काम करते. करंगळी गेली तिची. चुन्नीच्या टोकाला बांधून आणली होती. गाठ सोडली आणि मला म्हणाली, बहनजी, टाँका लगा दो."

पप्पांनी रेडिओ बंद केला.

"तुला काय सांगू," आत्या आईला म्हणाली, "तिला वाटत होतं की लागते. बटण लावतात तशी."

मी तिथेच उभी होते. मला बाहेर जा असं कुणी म्हटलं नाही, बहुधा कुणाला मी दिसलेच नाही. आत्यानं मात्र माझ्याकडे बघितलं, तेही तोंडाकडे नाही, हाताकडे. रस्ता ओलांडताना मी नेहमी तिची करंगळी धरायची. तिच्या हातात पिशव्या असायच्या, मोकळं एक तेवढंच बोट असायचं.

गाणं त्या आठवड्यात झालं. चाल कापणीच्या सणाची. कापणीच्या सणाला चर्चमध्ये लोक भोपळे, मुळे, कोंबड्या घेऊन येतात, पाळकसाहेब आशीर्वाद देतात, मग लिलाव होतो, आणि पेंढ्या घरी नेण्याचं एक आनंदी गाणं म्हटलं जातं. त्या चालीवर आत्यानं बोटं मोजली. अंगठा गेला, सही कशी करू. तर्जनी गेली, वाट कशी दाखवू. असं करत शेवटी:

"करंगळी गेली गं बाई, लेकरू काय धरील? सांग मालका, सांग जरा, बोटं माझी कुणी नेली?"

मग तिनंच त्याचं हिंदी केलं, कारण ज्यांच्यासाठी ते होतं त्यांना मराठी कुठून येणार. "छुटकी उंगली ले गया, मुन्ना किसको थामेगा? बोल रे मालिक, बोल ज़रा, मेरी उंगली कौन ले गया?"

पप्पा घाबरले. ते आवाज चढवणारे नव्हते. जेवताना म्हणाले, "आक्का, मी केंद्र सरकारचा माणूस आहे."

"मग मी कुठं केंद्र सरकारवर गाणं केलंय," आत्या म्हणाली. "वाढ गं भात."

रविवारची उपासना झाली की ती त्याच चर्चच्या साडीत कारखान्यांकडे निघायची, डफ कापडी पिशवीत, आणि मी बरोबर. एखाद्या फाटकासमोर चहाची टपरी असे. ओव्हरटाइमची पाळी सुटायची वेळ आत्याला माहीत असे. थंडीत डफाचं कातडं सैल पडायचं, मग टपरीवाला भट्टीवरचं पातेलं जरा बाजूला सारायचा आणि आत्या डफ आचेवर फिरवायची. कातडं तापल्याचा एक वास असतो, जळकाही नाही आणि भाजकाही नाही. ती बोटांनी वाजवून बघायची, पुन्हा तापवायची. तोवर माणसं जमलेली असत.

ती गायला लागली की अंगठ्याच्या कडव्याला लोक हसायचे, तर्जनीला शांत व्हायचे. पुढे पुढे मी बघायची की माणसं हात खिशात घालतायत, बायका पदराखाली नेतायत. शेवटची ओळ झाली की टाळ्या. त्या टाळ्यांचा आवाज मी ऐकत वाढले. भरीव नव्हता तो, मधून वारा गेल्यासारखा होता. टाळी अशीच वाजते असं मला वाटायचं. कॉलेजसाठी पुण्याला गेले आणि पहिल्यांदा एका सभागृहात सगळ्या बोटांच्या टाळ्या एकदम वाजल्या, तेव्हा मी दचकून मागे बघितलं होतं. शेजारच्या मुलीनं विचारलं काय झालं.

गाणी वाढत गेली. भाड्याच्या खोल्यांवर एक, पगाराच्या दिवशी लांबणाऱ्या रांगेवर एक, पाण्याच्या टँकरवर एक. एका हिवाळ्यात पानिपतला बोलावणं आलं. आम्ही धुक्यातून पॅसेंजर गाडीनं गेलो. तिथे परदेशातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचे डोंगर होते, त्यांचं पुन्हा सूत काढतात, आणि डोंगरांच्या पायथ्याशी बायका बसून बटणं कापत होत्या. हवेत लोकरीचा भुगा इतका की त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी मूठभर बटणं वेचली, त्यांतलं एक हरणाच्या तोंडाचं होतं. सभेत कुणीतरी आत्याची ओळख करून देताना म्हणालं की मराठे पुन्हा पानिपतला आले. लोक हसले. आत्या म्हणाली, "इस बार डफ लेके आए हैं," आणि त्यांना खोकत खोकत टाळ्या वाजवायला लावल्या.

दिल्लीतल्या मुनिरका भागातल्या मराठी मुलांनी तिला शोधून काढलं ते याच सुमारास. लातूर, बीड, नांदेडकडून परीक्षांच्या अभ्यासाला आलेली मुलं. त्यांच्या खोलीकडे जाणारा जिना इतका अरुंद की डफ डोक्यावर धरून चढावा लागे. वर कुकरची वाफ, ओले टॉवेल, आणि भिंतभर नकाशे. त्यांनी दाराला रजई टांगली, टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवला, आणि दुपारभर आत्याची गाणी भरून घेतली. खाली भाजीवाला ओरडला की थांबायचं, तो पुढे गेला की पुन्हा पहिल्यापासून. ती कॅसेट हातोहात फिरली. मग दिल्लीतल्या मोठ्या सभा आल्या. एकदा मी मंचामागे उभी होते आणि पुढची गर्दी कुठे संपते ते दिसत नव्हतं, आणि एवढी सगळी माणसं आमच्या व्हरांड्यातल्या त्या बाईबरोबर गात होती, कौन ले गया, कौन ले गया. मला तेव्हा पक्कं वाटलं होतं की आता कुणीतरी उत्तर देईल. एवढ्या लोकांनी विचारल्यावर द्यावंच लागेल.

पुढे मी पुण्याला गेले. पप्पा निवृत्त झाले, आईबरोबर जालन्याला परतले, आणि काही वर्षांच्या अंतरानं दोघंही गेले. आत्या फरीदाबाद सोडायला तयार झाली नाही. फोनवर ती सभांबद्दल सांगायची, मग कमी सांगायची, मग म्हणाली, "हल्ली सभेत माणसांपेक्षा झेंडेच जास्त." मग ते बोलणंच थांबलं. आम्ही एकमेकींना गुडघ्यांबद्दल आणि हवेबद्दल विचारायला लागलो.

तर त्या सकाळी चहा थंड झाला, गाणं संपलं, आणि भाटियासाहेब मला शेडमध्ये घेऊन गेले.

प्रेस म्हणजे वरून खाली येणारं लोखंडी वजन. खाली साचा, साच्यावर पत्रा, वजन खाली आलं की पत्र्याची बिजागरी होते. प्रत्येक मशीनवर दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय वजन खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे साच्यात एकही नसतो, इतकी ती साधी गोष्ट आहे. त्या शेडमध्ये दोन्ही बटणं होती. पण डाव्या बटणाच्या कडेला लाकडाची छोटी पाचर ठोकलेली होती, म्हणजे ते कायम दाबलेलंच. कामगार उजव्या हातानं बटण दाबत होते आणि डाव्या हातानं पत्रा आत सरकवत होते. भराभर. मी एका रांगेतून गेले, दुसऱ्या रांगेतून गेले. पाचरी जुन्या होत्या, तेलानं काळ्या पडलेल्या.

"ये क्या है?" मी विचारलं.

"प्रोडक्शन के लिए कर लेते हैं वर्कर लोग खुद ही," भाटियासाहेब म्हणाले. "समझाते हैं जी, रोज समझाते हैं. गाना तो सुना आपने."

संध्याकाळी आत्यानं दार उघडलं. पंचाहत्तरी उलटली आहे तिची, पाठ वाकली आहे, पण केस अजून घट्ट बांधते. "सलाम, पोरी," म्हणाली, आणि माझा कोट काढून घेतला. घरात मेथीच्या पराठ्यांचा वास होता. मी रस्ताभर वाक्यं जुळवली होती. तू हे कसं केलंस, असं एक. तुला कुणी फसवलं का, असं दुसरं. दुसरं बरोबर निघावं असं मला मनापासून वाटत होतं.

"कुठल्या कंपनीत गेली होतीस आज?" तिनं पीठ मळताना विचारलं.

मी नाव सांगितलं.

तिचा चेहरा उजळला. "अच्छा. मग माझं गाणं ऐकलं असशील. लावतात ना अजून?"

माझ्याकडच्या कुठल्याच वाक्याला आता जागा नव्हती.

"लावतात," मी म्हटलं. "शब्द कुणी बदलले, आत्या?"

"मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला असता का मी?"

"पण का?"

ती पोळपाटावर पीठ भुरभुरत राहिली. "नोकरीची शेवटची वर्षं होती. त्या कंपनीतून रोज कुणी ना कुणी यायचं माझ्याकडे. मी तिथंही गायले होते, फाटकावर. मालकाचा मुलगा नवीन आला होता, बाहेर शिकून. त्यानं मला आत बोलावलं. म्हणाला, सिस्टर, तुमचं गाणं माझे लोक ऐकतात, माझं ऐकत नाहीत. तुम्ही माझ्यासाठी गा. मी म्हटलं, आधी दोन बटणं लाव सगळ्या मशीनींवर, मग गाते. मला वाटलं, हाकलून देईल."

"मग?"

"लावली. बिल्कुल सगळ्यांवर. मी स्वतः जाऊन एकेका मशीनीची बटणं दाबून बघितली. एक हात काढून बघितला, येतंय का खाली. नाही आलं. तेव्हा उभी राहिले माईकसमोर." तिनं पराठा तव्यावर टाकला. "जन्मभर विचारलं मी, कौन ले गया. कुणी नेलं ते सगळ्यांना ठाऊक होतं, गं. विचारून एक बोट परत आलं नाही. हे मात्र झालं. त्या शेडमधून पुन्हा कुणी माझ्याकडे आलं नाही. मी निवृत्त होईपर्यंत तरी नाही आलं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला आवडलं नसतं. तुला ते मोठ्या सभेतलं आवडायचं." ती हे कडवटपणे म्हणाली नाही. "मी अनेक गाणी केली. काम करणारं हे एकच."

पराठा फुगला. तिनं तो माझ्या ताटात टाकला, वर लोणी ठेवलं. मी गप्प राहू शकले असते. ती कधी त्या शेडमध्ये जाणार नव्हती, तिला कळायचं काही कारण नव्हतं. मी घास मोडला आणि तो हातातच राहिला.

"काय झालं? मीठ जास्त पडलं का?"

"आत्या, बटणं आहेत. पण डाव्या बटणात पाचर ठोकलीय."

"कसली?"

"लाकडाची."

तिनं गॅस बारीक केला. "एखाद्या मशीनीवर असेल."

"मी दोन रांगा बघितल्या. सगळ्यांवर. आणि आजच्या नाहीत त्या. जुन्या आहेत."

"म्हणजे एक हात मोकळा."

"हो."

"आणि तो आत."

"हो."

तव्यावरचा दुसरा पराठा करपायला लागला होता. तिनं गॅस बंद केला, पण तवा उतरवला नाही. "आणि वर गाणं लावतात," ती म्हणाली. "ध्यान से भैया."

मी मान हलवली. ती उठली आणि मोरीपाशी जाऊन हात धुवायला लागली. कोपरापर्यंत साबण, मग पाणी, मग पुन्हा साबण. हातांना पिठाशिवाय काही लागलेलं नव्हतं. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिच्या पाठीला हात लावायचं धैर्य मला झालं नाही. नळ बराच वेळ चालू होता. मग ती पाठमोरीच म्हणाली, "उद्या सकाळी मला तिथं घेऊन चल."

माझ्या अहवालाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. मी पाचरींबद्दल लिहिलं, फोटो जोडले, माल थांबवावा असंही लिहिलं. कारखान्याकडून आठवड्याच्या आत उत्तर आलं, सोबत स्वच्छ पुसलेल्या बटणांचे फोटो. आमच्या वरिष्ठांनी मला शाबासकी दिली आणि माल सुरू ठेवला. एका शेडमधल्या मशीनींच्या पाचरी काढायला किती वेळ लागतो मला माहीत आहे. पुन्हा ठोकायलाही तेवढाच लागतो. भाटियासाहेबांना न सांगता पुन्हा जाऊन बघायची परवानगी मी मागितली आहे, अजून मिळालेली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी आत्यानं गॅसवर डफ तापवला, शाल घेतली, आणि आम्ही रिक्षानं निघालो. वाटभर तिचे ओठ हलत होते. धुकं आदल्या दिवसापेक्षाही दाट होतं. फाटकासमोर रिक्षातून उतरताना मी तिला धरायला गेले तर म्हणाली, "डफ धर, मला नको." पाळीची माणसं यायला लागली होती, जेवणाचे डबे हातात, तोंडं मफलरीत. बहुतेक तरुण, बिहारची, पूर्वांचलची. आत्या फाटकाच्या कडेला उभी राहिली आणि तिनं डफावर हात टाकला. दोन जड, एक हलका.

माणसं थबकली. ती गायला लागली. आवाज वरच्या पट्टीला फाटत होता, पण शब्द स्वच्छ होते. जुने शब्द. अँगूठा ले गया. मी ते कित्येक वर्षांनी ऐकत होते.

"अरे, ये तो सेफ्टी वाली आंटी हैं," आवाज ओळखून कुणीतरी म्हणालं.

बातमी धुक्यातून मागे मागे गेली. माणसं जवळ आली, हसरी. एकानं वाकून तिच्या पायांना हात लावला. पहारेकरी तिला बाजूला करायला आला होता, तोही थांबला आणि त्यानं टोपी सरळ केली. आत्या गात राहिली, डोळे मिटून, तर्जनी, मधलं बोट. छुटकी उंगलीपाशी आली तेव्हा आत भोंगा झाला आणि कर्णा सुरू झाला.

मग दोन आवाज झाले. एक वरून, भरदार, पुढे झेपावणारा. एक खालून, माझ्या शेजारून. चाल एकच, पण वरचं गाणं अंगठ्यापाशी होतं आणि खालचं करंगळीशी. आत्यानं डफ जोरात मारला, पट्टी चढवली. "मुन्ना किसको थामेगा," ती म्हणाली. आणि तिला घेरून उभी असलेली ती पोरं, तिला मदत करावी म्हणून, तिला बरं वाटावं म्हणून, कर्ण्याबरोबर गायला लागली. रोज ऐकून सगळं पाठ होतं त्यांना. एक बाई डबा काखेत धरून, मान डोलावत, आत्याकडे प्रेमानं बघत म्हणत होती, "देख के भैया, ध्यान से भैया, तेरी उंगली तेरे हाथ."

आत्यानं डोळे उघडले. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. तिचा हात डफावरच राहिला, वाजला नाही.

"भोंगा हो गया," पहारेकरी म्हणाला, आणि माणसं आत जायला लागली. जाताना नमस्कार करत होती. फाटकासमोर आम्ही दोघीच उरलो. मी तिला म्हटलं, चल, आत्या, घरी जाऊ. तिनं बोट वर केलं, थांब म्हणून. कर्ण्यावर शेवटचं कडवं चाललं होतं. ते तिनं पूर्ण ऐकलं, मान किंचित तिरपी करून, जसं दुसऱ्या कुणाचं गाणं ऐकावं तसं. शेवटच्या ओळीवर वर जाणारी एक लांब तान होती, ती न थरथरता गेली आणि न थरथरता खाली आली.

"बघ," आत्या म्हणाली. "किती छान गायलेय मी."